घराबाहेरचा सॉकेट आणि रुग्णाचं यंत्र

लग्नसराई, शाळेच्या सुट्ट्या आणि नवतपा हे सगळं आपल्याकडे एकाच वेळी येतं. याच दिवसांत ऑक्सिजनची मशीन (कॉन्सन्ट्रेटर), झोपेत श्वासनलिका उघडी ठेवायला हवेचा दाब देणारं सीपॅप, औषधाचं धुकं करणारा नेब्युलायझर अशी यंत्रंही रुग्णासोबत घराबाहेर पडतात. या वेळी याच विषयावरची पत्रं सर्वांत जास्त आली. रुग्णालयातली यंत्रं आणि इमारतीतली वीजजोडणी, दोन्हीकडे काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी त्यांना उत्तरं दिली आहेत. औषधाचा डोस, ऑक्सिजनचा प्रवाह किंवा मशीनचं प्रेशर यात कोणताही बदल करायचा असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रश्न: आईला घरी ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू असतो. चंद्रपूरला लग्न आहे, दोन रात्री लॉजवर मुक्काम आहे. त्यासाठी चांगल्या कंपनीचा स्पाइक गार्ड घेतला आहे. तेवढा पुरेल का?
(वाचक, मानेवाडा)

उत्तर: पुरणार नाही. स्पाइक गार्ड वाईट असतो असं नाही, पण बाहेरगावी यंत्र जळण्याचं जे मुख्य कारण असतं, ते थांबवणं त्याचं कामच नाही.

स्पाइक गार्डच्या आत एमओव्ही नावाची बिस्किटासारखी चकती असते. वीज कडाडली किंवा जवळची मोठी मोटर बंद झाली की लाइनवर सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका छोटा पण हजारो व्होल्टचा झटका येतो. तो झटका ही चकती स्वतःवर घेते. आपल्याकडच्या स्पाइक गार्डमध्ये ती बहुधा २७५ व्होल्टची असते. म्हणजे २३० व्होल्टवर ती गप्प राहते आणि बरंच जास्त आलं की वाहू लागते. पण जास्त व्होल्टेज क्षणभर न येता मिनिटभर टिकलं, तर ही चकती तापते, फुटते आणि कधी प्लॅस्टिकही पेटवते. तिच्या मागे जोडलेलं मशीन मग उघडं पडतं.

असं टिकून राहणारं जास्त व्होल्टेज येतं ते मुख्यतः न्यूट्रल तुटल्यामुळे. डीपीवरून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, निघते. कोणताही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास. न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की वेगवेगळ्या फेजवरच्या खोल्या नकळत एकमेकींना जोडल्या जातात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे ३०० ते ३५० व्होल्ट चढतात, आणि ज्या फेजवर कूलर, गिझर चालू, तिथे १०० पर्यंत उतरतात. लग्नघरी हा धोका वाढतो, कारण मंडपाची रोषणाई, कॅटररची उपकरणं आणि साउंड सिस्टीम एका दिवसापुरती घाईत जोडलेली असते.

ओळखायची खूण एकच. त्याच इमारतीत काही दिवे अचानक प्रखर, काही मंद, आणि पंख्याचा वेग एकदम वाढलेला. असं दिसलं की विचार करत बसू नका, मशीनचा प्लग ओढून काढा, आईंना सिलिंडरवर घ्या आणि मग मॅनेजरला मेन स्विच पाडायला सांगा.

हे स्वतःहून अडवणारं उपकरण म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. सॉकेटमध्ये सरळ घालायचा, व्होल्टेज आकड्यांत दाखवणारा प्रकार मिळतो. मर्यादा ओलांडली की तो लाइन तोडतो, आणि व्होल्टेज ठीक झाल्यावर ठरवलेल्या वेळेनंतरच परत जोडतो. ही वेळ ३ मिनिटं ठेवा. कॉन्सन्ट्रेटर बंद पडल्यावर आत दाब शिल्लक असतो. लगेच सुरू केला तर कॉम्प्रेसर अडकतो आणि जास्त करंट ओढतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत ५ मिनिटं लिहिलं असेल तर ५ ठेवा.

भर उन्हाळ्यात संध्याकाळी सात ते अकरा या वेळात कमी व्होल्टेजही सतावतं. १८० व्होल्टवर कॉम्प्रेसर चालतो, पण गरम होतो, आणि मशीनमधून निघणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता घसरू शकते. म्हणून स्टॅबिलायझरही न्या, १ केव्हीएचा. मशीन ३५० वॉटची असली तरी सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-पाच पट करंट घेते, त्यामुळे टीव्हीसाठीचा छोटा स्टॅबिलायझर तिथे दमतो. जोडणीचा क्रम असा: भिंतीचा सॉकेट, मग प्रोटेक्टर, मग स्टॅबिलायझर, मग मशीन. प्रोटेक्टरची खालची मर्यादा स्टॅबिलायझरला जमते तेवढी, समजा १६० व्होल्ट, आणि वरची २६५ ठेवा. स्टॅबिलायझरमधून मशीनला २०७ ते २५३ च्या आत मिळायला हवं; २३० व्होल्ट, अधिक-उणे दहा टक्के, याचा अर्थ तेवढाच. मशीनच्या मागच्या पट्टीवर याहून वेगळं छापलं असेल तर ते खरं माना.

आता सिलिंडर. वरचं सगळं नेलं आणि सिलिंडर विसरलात, तर आईंच्या दृष्टीने काहीच नेलं नाही. विजेपासून मशीन वाचवणं म्हणजे बऱ्याचदा ती बंद करणं, आणि बंद करायची हिंमत तेव्हाच होते जेव्हा दुसरी सोय हाताशी असते. बी टाइप सिलिंडरची पाणी-क्षमता १० लिटर असते. गेजवर १५० किलो दाब असताना त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरने तो साडेबारा तास पुरतो, हिशेब मात्र दहाचाच धरा. गेज ७५ वर आला की वेळही निम्मा उरतो. नेताना सिलिंडर गाडीत पट्ट्याने घट्ट बांधा. उन्हात बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही, ऑक्सिजनच्या दाबाखाली ते पेट घेतं.

कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर कॉन्सन्ट्रेटर चालवण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. तसं करू नये. त्याचा आउटपुट चौकोनी लहरीचा असतो, त्यावर मोटर घरघरते आणि तापते. शुद्ध साइन वेव्हचा १ केव्हीएचा यूपीएस घेतलात तरी त्यात १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोनच बॅटऱ्या असतील, तर ३५० वॉटवर पंधरा-वीस मिनिटांच्या वर अपेक्षा ठेवू नका. सिलिंडर जोडेपर्यंतचा वेळ मिळतो, तेवढाच त्याचा उपयोग.

लॉजला जनरेटर असेल तर लाइट गेल्यागेल्या प्लग काढा. जनरेटर सुरू होताना आणि लाइन परत येताना व्होल्टेज वरखाली होतं. दोन्ही वेळेस ३ ते ५ मिनिटं थांबून मगच जोडा.

प्रश्न: नवीन ठिकाणी गेल्यावर सॉकेट चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? टेस्टरचा दिवा लागला म्हणजे झालं ना?
(वाचक, धंतोली)

उत्तर: टेस्टरच्या दिव्यावरून तिथे फेज आहे एवढंच कळतं. न्यूट्रल धड आहे का, अर्थिंग आहे का, व्होल्टेज किती, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

दोन साधनं जवळ ठेवा. पहिलं, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. तो सॉकेटमध्ये घातला की दिव्यांच्या रचनेवरून अर्थिंग नसणं किंवा फेज-न्यूट्रल उलटे असणं लगेच दिसतं. दुसरं, साधा डिजिटल मल्टिमीटर. तो एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजवर ठेवा, आणि प्रोबचा धातू बोटाला लागू देऊ नका. समोरून पाहताना वरचं मोठं छिद्र अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. उजवं-डावं २१० ते २५० यावं. उजवं-वरचं जवळपास तेवढंच यावं. डावं-वरचं दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. शेवटचा आकडा दहा-वीसच्या पुढे दिसला तर न्यूट्रल किंवा अर्थिंग ढिलं आहे, ती खोली बदलून मागा. ज्यांना मीटर हाताळायची सवय नाही त्यांनी हे काम लॉजच्या इलेक्ट्रिशियनकडून, पण आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावं. मोजणी संध्याकाळी, सगळे कूलर चालू असताना करा. दुपारी चारला आलेला आकडा रात्री राहत नाही.

अर्थिंगचं महत्त्व झटक्यापुरतंच नाही. बऱ्याच यंत्रांत फिल्टरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर धातूच्या भागावर निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं आणि हात लावला की झिणझिणतं. शिवाय अर्थिंग नसताना स्पाइक गार्डमधल्या ज्या चकत्या झटका जमिनीत सोडणार, त्यांना वाटच उरत नाही. म्हणून तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडाने बसवू नये, आणि वरची जाड पिन कापणं तर कधीच नाही.

सॉकेट ढिला असेल, प्लग लोंबत असेल, तर तोही नको. ठिणग्या उडतात, आणि ऑक्सिजनच्या नळीजवळची ठिणगी घातक असते. एक्स्टेंशन बोर्ड नळीपासून आणि रुग्णाच्या अंथरुणापासून किमान दीड मीटर लांब ठेवा. त्याची वायर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते. त्याच बोर्डवर कूलर, इस्त्री किंवा पाणी तापवायची रॉड लावू देऊ नका.

प्रश्न: विदर्भ एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास करून मुंबईला जायचं आहे. बर्थजवळच्या चार्जिंग पॉइंटवर सीपॅप चालेल का?
(वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: त्यावर भरवसा ठेवू नका. डब्यातले पॉइंट मोबाइल-लॅपटॉपसाठी असतात. बऱ्याच डब्यांत ते ११० व्होल्टचे असतात, आणि जुन्या धाटणीच्या डब्यांत तर ते ११० व्होल्ट डीसी. मोबाइलचा चार्जर त्यावर चालून जातो म्हणून सीपॅप चालेलच असं नाही. ज्या यंत्राच्या अडॅप्टरमध्ये जुन्या पद्धतीचा लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर आहे, ते डीसीवर लावलं तर काही मिनिटांत वेटोळं जळतं. याशिवाय आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ हे पॉइंट बंद ठेवण्याची पद्धत अनेक गाड्यांत आहे, म्हणजे नेमके तुमच्या झोपेचे तास.

बॅटरी न्या. किती मोठी, हे घरीच मोजता येतं. सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो. एक रात्र ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) आणि गरम नळी बंद ठेवून सीपॅप त्यातून चालवा आणि सकाळी एकूण वॉट-तास वाचा. समजा सरासरी १५ वॉट आली, तर आठ तासांचे १२० वॉट-तास. बॅटरीतून येताना थोडी गळती होते म्हणून ०.८ ने भागा: १५० वॉट-तासांची बॅटरी. ह्युमिडिफायर चालू ठेवलात तर खर्च तिप्पट-चौपटही होतो, म्हणूनच तो प्रवासात बंद ठेवतात. नाक कोरडं पडत असेल तर काय वापरायचं ते डॉक्टरांना विचारा.

बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले एएच करा. २०,००० एमएएचची पॉवर बँक मोठी वाटते, पण आतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे ७४ वॉट-तास. तिचा यूएसबी आउटपुट सीपॅपच्या १२ किंवा २४ व्होल्टशी जुळतही नाही. सीपॅप बनवणाऱ्या कंपनीचीच डीसी केबल किंवा कन्व्हर्टर घ्या. बॅटरीवर इन्व्हर्टर लावून त्यावर घरचा अडॅप्टर जोडण्यात दोनदा ऊर्जा वाया जाते. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर ह्युमिडिफायरचा भाग बिघडण्याचा धोका वेगळाच.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेत नेता येते, १०० ते १६० पर्यंतच्या दोन एअरलाइनची परवानगी घेऊन, आणि १६० च्या वरची प्रवाशाला नेता येत नाही. चेक-इन सामानात सुटी बॅटरी कधीच टाकू नका, आणि टोकांवर टेप लावा.

प्रश्न: गाडीत किंवा ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये यंत्र लावलं तर?
(वाचक, वर्धा रोड)

उत्तर: कारचा सॉकेट १२ व्होल्टचा, त्याचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा. म्हणजे १२० ते १८० वॉट एवढीच मर्यादा. सीपॅप किंवा छोटं पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर त्यात बसतं, घरचं ५ लिटरचं मशीन नाही. इंजिन सुरू झाल्यावरच प्लग लावा आणि बंद करण्याआधी काढा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळतं आणि मग उसळतं. बस आणि ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, कारची १२ व्होल्टची केबल तिथे लावली तर यंत्र गेलं म्हणून समजा. केबलवर १२-२४ असं दोन्ही छापलेलं असेल तरच लावा.

प्रश्न: मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जात आहोत. नेब्युलायझर आणि सीपॅप दोन्ही नेणार. मुलगा मागे तिथला एक सर्ज प्रोटेक्टर घेऊन आला होता, तो इथे वापरत आहोत.
(वाचक, प्रतापनगर)

उत्तर: शेवटच्या वाक्याने आम्हाला काळजी वाटली, म्हणून आधी तेच. तो सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तिथला स्पाइक गार्डच, आत्ताच काढून ठेवा. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ फ्रीक्वेन्सी असते, त्यामुळे तिथल्या प्रोटेक्टरमधली चकती १३० ते १५० व्होल्टची असते. आपल्या २३० वर ती सतत वाहू लागते, तापते आणि पेटू शकते. मागच्या बाजूला १२५ व्होल्ट असं छापलेलं दिसेल. तिथे गेल्यावर तिथेच वापरा.

सीपॅपच्या अडॅप्टरवर "१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" लिहिलं असेल तर फक्त पिना बदलणारा अडॅप्टर लागतो, तोही अर्थिंगसह तीन पिनांचा. नेब्युलायझर मात्र बहुधा फक्त २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा असतो. १२० वर त्याचा कॉम्प्रेसर जेमतेम चालेल, धुकं नीट होणार नाही आणि औषध कपातच राहील. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज दुप्पट करता येतं, पण ६० हर्ट्झचे ५० होत नाहीत, आणि या मोटरी फ्रीक्वेन्सीवरच चालतात. विमानतळावर मिळणारे हलके "कन्व्हर्टर" हेअर ड्रायरसारख्या वस्तूंसाठी असतात, त्यांना वैद्यकीय यंत्र जोडू नका. सहा महिन्यांसाठी तिथला नेब्युलायझर विकत घेणं, किंवा सेलवर चालणारा मेश प्रकारचा, म्हणजे बारीक जाळीतून धुकं करणारा, इथूनच नेणं, हेच बरं. मेशमधून तुमचं औषध देता येतं का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, सगळी औषधं त्यातून नीट जात नाहीत.

प्रश्न: काटोलजवळ संत्र्याच्या बागेत घर आहे. मे महिन्यात वडिलांना घेऊन राहायला जातो. विजा फार पडतात. नेब्युलायझर आणि बीपीचं मशीन सोबत असतं.
(वाचक, सदर)

उत्तर: जवळ वीज पडली तर कोणताही स्पाइक गार्ड हमी देऊ शकत नाही. प्लग भिंतीतून बाहेर काढणं हाच उपाय. बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि त्या बारीक फटीवरून झटका सहज उडी मारतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" अॅप मोबाइलवर ठेवा, जवळपास विजांची शक्यता असल्याचा इशारा त्यावर आधीच मिळतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की प्लग काढा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच लावा. त्या वेळात स्वतःही तारांना हात लावू नका.

कृषिपंपाच्या लाइनवरून घरात दिवे घेतले असतील तर त्यावर यंत्र लावू नका. त्या लाइनवर तास ठरलेले असतात, पंप एकदम सुरू-बंद होतात आणि व्होल्टेज बेभरवशाचं असतं. असा वापर नियमातही बसत नाही. घराची जोडणी वेगळी हवी. तारा तुटल्या, ठिणग्या दिसल्या तर वीजतक्रारीच्या १९१२ या नंबरवर कळवा.

बीपीच्या मशीनला अडॅप्टर हवाच कशाला? चार एए सेल घाला, चार जास्तीचे ठेवा आणि परतताना सेल काढा, नाहीतर ते आत पाझरतात. नेब्युलायझर दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं लागतो. आकाश मोकळं असताना लावा, झालं की काढा. ऐन वादळात दम लागला तर इनहेलर आणि त्याला जोडायच्या नळकांड्याने (स्पेसरने) काय, किती द्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

प्रश्न: इन्सुलिन पंप आणि साखर मोजणाऱ्या सेन्सरचा रिसीव्हर यूएसबीने चार्ज होतो. हॉटेलच्या सॉकेटची भीती वाटते.
(वाचक, जरीपटका)

उत्तर: भिंतीवरून पॉवर बँक चार्ज करा, ती काढा, आणि मग तिच्यावरून पंप चार्ज करा. दोन्ही एकाच वेळी जोडू नका. झटका आलाच तर पॉवर बँक जाईल, पंप राहील. पंप बंद पडला तर लागणारं इन्सुलिनचं पेन आणि डोसचा कागद हातातल्या बॅगेत हवा.

प्रश्न: लाइनचा झटका बसला, पण मशीन चालू आहे. तशीच वापरावी का?
(वाचक, महाल)

उत्तर: आधी वास घ्या. जळका वास, अडॅप्टरवर फुगवटा किंवा काळा डाग असेल तर वापर तिथेच थांबवा. अडॅप्टरच्या आत साधारण ४०० व्होल्टचा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टवर त्याच्यावर ३२५ येतात, पण लाइन ३५० झाली की ४९५. तो फुटला नसला तरी कमजोर होतो आणि आठवडाभराने, भलत्याच रात्री जातो. म्हणून असा अडॅप्टर बदलूनच टाका.

फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा एकदाच घाला. पुन्हा उडाला तर मशीन तंत्रज्ञाकडे. तांब्याची तार घालून चालवू नका.

कॉन्सन्ट्रेटर "चालू आहे" याचा अर्थ ऑक्सिजन देतोय असा होत नाही. नळीतून हवा येते, आवाज नेहमीचा असतो, पण शुद्धता पडलेली असू शकते. चांगल्या मशीनमध्ये ती ९० ते ९६ टक्के असते. सर्व्हिसवाल्याकडून अॅनालायझरने मोजून घ्या, आणि तोवर रुग्ण सिलिंडरवर राहील असं बघा. बोटावरचा ऑक्सिमीटर मशीनची तपासणी करत नाही, तो रुग्ण खालावल्यावर सांगतो.

वॉरंटीच्या कागदात व्होल्टेजमुळे झालेला बिघाड बहुधा वगळलेला असतो, तो परिच्छेद निघण्यापूर्वी वाचा. झटका खाल्लेला स्पाइक गार्डही बदला. त्यातली चकती एकेका झटक्याने झिजते, आणि ती संपली तरी गार्ड नुसत्या एक्स्टेंशन बोर्डासारखा चालत राहतो. काही गार्डवर "प्रोटेक्टेड" असा छोटा दिवा असतो. तो विझला असेल तर बाकीचं सगळं चालू दिसलं तरी तो गार्ड रुग्णाच्या मशीनसाठी बाद.